घराण्याचा दोष कुणाच्या पदरी?

ग्वाल्हेरीहून, लष्करातील जयेंद्रगंज भागातून, एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आम्हांस आले आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी जेथे पडली आणि पुढे जिचे नगर झाले, त्या लष्करात मराठी घराण्यांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. त्यांची मराठी अजूनही थोडी जुन्या वळणाची आहे. तिच्यातला विनय असा की, पत्रातील मुख्य गोष्ट तिसऱ्या पानापर्यंत येतच नाही.

गोष्ट अशी. भगिनींची भाची अठरा वर्षांची झाली तरी तिला न्हाण आले नाही. शरीराची इतर वाढ चारचौघींसारखी, उंची चांगली, अभ्यासात हुशार. प्रथम रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, मग काढे झाले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली तेव्हा गर्भाशय दिसलेच नाही. एमआरआय केल्यावर निदान पक्के झाले की मुलीला जन्मतःच गर्भाशय नाही, अंडाशय मात्र दोन्ही आहेत आणि नीट काम करीत आहेत. त्या दिवसापासून घरात एकच वाद चालू आहे. आजी व आत्या म्हणतात, हा दोष सुनेच्या माहेरचा, आमच्या घराण्यात असले कधी झाले नाही. मुलीच्या आईने अन्न सोडल्यासारखे केले आहे. त्यातच एक चांगले स्थळ सांगून आले आहे. धाकटी बहीण बारा वर्षांची आहे. भगिनी विचारतात : हे रक्तातून येते काय? येत असेल तर कुणाच्या? धाकटीलाही असेच होईल काय? आणि सांगून आलेल्या स्थळास हे सांगावे की झाकावे?

असला विषय कुटुंबाच्या साप्ताहिकात कशाला, असे काही वडीलधाऱ्यांस वाटेल. परंतु या विषयावर उघड बोलायचे नाही असा जो आपल्या घरांचा दंडक आहे, त्यामुळेच ही मुलगी तीन वर्षे लोहाच्या गोळ्या खात राहिली. जे माजघरात कुजबुजीने आणि चुकीचे बोलले जाते, ते येथे मर्यादेने आणि बरोबर बोललेले बरे.

आरंभी मुलीच्या स्थितीचे नाव सांगतो, कारण नाव कळले की भय थोडे कमी होते. या अवस्थेस वैद्यकात चार वैद्यांची नावे जोडून ओळखतात. मायर यांनी १८२९ साली, व्हिएन्नाच्या रोकितान्स्कींनी १८३८ साली, क्यूस्टर यांनी १९१० साली आणि हाउसर यांनी १९६१ साली तिचे वर्णन केले, म्हणून मायर-रोकितान्स्की-क्यूस्टर-हाउसर लक्षणसमूह. डॉक्टर मंडळी आद्याक्षरांनी त्यास एमआरकेएच म्हणतात. सुमारे साडेचार ते पाच हजार मुलींत एक, असे याचे प्रमाण धरतात. २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेर जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांच्या वर होती. तिच्यातील स्त्रियांस हे प्रमाण लावून पाहिले तर एकट्या त्या जिल्ह्यात अशा दोनशेच्या आसपास मुली व बाया असाव्यात. त्या सर्वजणी कोठे आहेत? त्यांतील बहुतेक गप्प आहेत, आणि प्रत्येकीस वाटते की जगात असे दुःख आपल्या एकटीचेच.

आता घडणीकडे वळू. १८३० साली योहानेस म्यूलर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने गर्भातील दोन बारीक नळ्यांचे वर्णन केले. आईच्या पोटी मूल सहा आठवड्यांचे असते तेव्हा मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाच्या अंगी या नळ्यांची जोडी तयार होऊ लागते. तिच्या शेजारी वोल्फच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी जोडी आधीच उभी असते. मुलीत म्यूलरच्या नळ्या खाली उतरतात, एकमेकींस मध्यभागी भेटतात, जुळतात, आणि मधला पडदा विरून जाऊन एकसंध गर्भाशय बनते. वरची टोके मोकळी राहतात, त्या गर्भनलिका होत. दोन ओढे संगमास मिळून पुढे एकच पात्र व्हावे, तसे हे घडते.

हे काम कोठे अडले यावर दोषाचे स्वरूप ठरते. नळ्या खाली उतरल्याच नाहीत तर गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग होत नाही, आणि आपल्या भाचीच्या बाबतीत हेच झाले. एकच नळी उतरली तर अर्धे गर्भाशय होते. दोन्ही उतरल्या पण जुळल्या नाहीत तर गर्भाशय दुहेरी राहते. जुळल्या पण पडदा विरला नाही तर आत भिंत राहते, आणि अशा स्त्रीचा गर्भ पुष्कळदा अवेळी पडतो. हे सौम्य प्रकार मुळीच दुर्मिळ नाहीत. शंभर स्त्रियांत पाच-सहा जणींच्या गर्भाशयाच्या घडणीत काही ना काही वेगळेपण आढळते, व त्यांतील अनेकींस ते जन्मभर कळतही नाही. ज्या बाईला दोन-तीनदा गर्भपात झाला म्हणून शेजारणी अपशकुनी ठरवितात, तिच्या पोटात कदाचित बोटभर पडदा असेल इतकेच. गोव्यातील शिरोडे गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयाचे तोंड अकाली उघडू नये म्हणून घालावयाचा टाका १९५५ साली जगापुढे मांडला. तो त्यांच्याच नावाने जगभर ओळखला जातो, आणि घडणीत दोष असलेल्या काही गर्भाशयांतही त्याचा उपयोग करतात. आपल्या माणसाचे नाव आले म्हणून हे सांगितले. आता मूळ प्रश्न.

रक्तातून येते काय? या प्रश्नाचा माग शास्त्रज्ञांनी कसा काढला ही कहाणी मोठी आहे, आणि घरातील भांडणाचे उत्तर तिच्यातच आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

वंशातून गुण कसे उतरतात याचा पहिला हिशेब एका कॅथलिक मठवासी धर्मगुरूने मांडला हे आपल्या वाचकांस ठाऊक असेल. ब्रुन येथील ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून १८६५ साली आपले निष्कर्ष वाचून दाखविले व १८६६ साली छापले. परंतु वाटाण्याचा हिशेब माणसाच्या गर्भाशयास लावावयाचा कसा? माणसाच्या पेशीत रंगसूत्रे शेहेचाळीस असतात हेसुद्धा १९५६ साली नक्की झाले. त्यानंतर अशा मुलींची रंगसूत्रे तपासली तेव्हा ती संख्येने व रूपाने पूर्णपणे स्त्रीचीच आढळली. ही गोष्ट लहान नाही. गर्भाशय नाही म्हणून ही मुलगी अर्धी बाई, असे जे बोलले जाते ते अगदी खोटे आहे. तिचे बीजकोश स्त्रीचे, तिची रंगसूत्रे स्त्रीची, तिचे अंतःस्राव स्त्रीचे. क्वचित पाळी न येण्याची निराळी कारणे असतात व त्यांत रंगसूत्रांचा फरक असतो. म्हणूनच डॉक्टर रंगसूत्रांची तपासणी सांगतात. ती केली पाहिजे, म्हणजे निदानात गल्लत होत नाही.

तत्पूर्वी, १९४७ साली, पॅरिसमध्ये आल्फ्रेड योस्त यांनी सशाच्या गर्भावर एक नाजूक प्रयोग केला होता. गर्भाशयातील नर-गर्भाचे बीजकोश काढून टाकले असता तो मादीच्या नळ्या वाढवू लागला. मग त्यांनी तशा गर्भास पुरुषाचा अंतःस्राव दिला. तेव्हा नराच्या नळ्या टिकल्या, पण मादीच्या नळ्या काही नाहीशा झाल्या नाहीत. यावरून योस्त यांनी अनुमान केले की नर-गर्भ आणखी एक द्रव्य तयार करतो, आणि त्याचे काम म्यूलरच्या नळ्या विरघळवून टाकणे एवढेच. ते द्रव्य पुढे खरोखर सापडले आणि १९८६ साली त्याचे जनुकही हाती लागले. हे द्रव्य ज्यास नाही अशा पुरुषाच्या पोटात गर्भाशय राहून गेलेले आढळते. तेव्हा सर्वांस वाटले की कोडे सुटले : मुलीत हेच द्रव्य चुकून अवेळी तयार होत असेल आणि तिचे गर्भाशय नाहीसे करीत असेल. तर्क सरळ आणि सुंदर होता. परंतु अनेक मुलींचे हे जनुक तपासले असता त्यात असा दोष सापडला नाही. शास्त्रात सुंदर तर्कही असे कोसळतात.

१९९९ साली उंदरांवरील प्रयोगात दिसून आले की डब्ल्यूएनटी-४ नावाचे जनुक काढून टाकले तर मादीत म्यूलरच्या नळ्या तयारच होत नाहीत. २००४ साली या जनुकात दोष असलेली एक अठरा वर्षांची मुलगी आढळली. तिला गर्भाशय नव्हते. पुन्हा आशा पालवली. पण त्या मुलीत पुरुषी अंतःस्रावही अधिक होते, आणि पुढे ज्या थोड्या स्त्रियांत हा दोष सापडला त्यांतही तसेच दिसले. म्हणजे हा निराळाच, दुर्मिळ आजार ठरला. आपल्या भाचीसारख्या सर्वसाधारण मुलींत हे जनुक निर्दोष असते.

एव्हाना, २००३ साली, मानवी जनुकांचा समग्र आराखडा वाचून झाला होता, आणि एकेका जनुकाचा संशय घेण्याऐवजी सगळी पोथी एकदम चाळता येऊ लागली. तेव्हा काही मुलींत सतराव्या रंगसूत्राचा एक लहान तुकडा गळालेला आढळला, तर काहींत सोळाव्याचा. सतराव्याच्या त्या तुकड्यात दोन अशी जनुके आहेत की ती गर्भात मूत्रपिंडाच्या व या नळ्यांच्या घडणीत लागतात. तो तुकडा गळालेल्या काही माणसांस मूत्रपिंडात गाठी होतात आणि तरुणपणीच मधुमेह होतो. २०१९ साली ग्रेब-१-एल नावाच्या जनुकाचा दोष एका घराण्याच्या तीन पिढ्यांत सापडला. त्या घराण्यात कुणास गर्भाशय नव्हते, तर कुणास एकच मूत्रपिंड होते.

गर्भाशयाचा आणि मूत्रपिंडाचा संबंध काय, असे वाचक विचारील. वर सांगितलेल्या वोल्फच्या नळीतून मूत्रपिंडाचा कोंब फुटतो, आणि म्यूलरची नळी त्याच वोल्फच्या नळीचा आधार घेत खाली उतरते. द्राक्षाचा वेल मांडवाच्या खांबाला धरून चढतो, तो खांबच वाकडा असेल तर वेलही भरकटतो. म्हणूनच गर्भाशय नसलेल्या मुलींत तिघींत एकीच्या आसपास मूत्रपिंडाचाही दोष असतो : एखादे नसते किंवा जागा सोडून बसलेले असते. काहींत मणक्यांची घडण वेगळी असते, क्वचित ऐकू कमी येते. जयेंद्रगंजच्या भगिनींना आमचे पहिले सांगणे हेच की भाचीची मूत्रपिंडे पाहून घेतली नसतील तर आधी ती पाहून घ्यावीत.

येथे घरातील वादाकडे वळतो. ज्या घराण्यांत हा दोष जनुकातून उतरल्याचे सिद्ध झाले आहे, तेथे तो बापाकडूनही येऊ शकतो. किंबहुना बापाकडून येतो तेव्हाच तो लपून राहतो. पुरुषास गर्भाशय नसतेच, मग त्याच्या अंगी गर्भाशयाच्या घडणीचा दोष आहे की नाही हे कळणार कसे? तो धडधाकट असतो, किंवा फार तर एका मूत्रपिंडावर आयुष्य काढतो आणि त्यास ते ठाऊकही नसते. एका दुसऱ्या आजारात तर हे स्पष्टच दिसले आहे. हाताचे व पायाचे अंगठे आखूड आणि त्याबरोबर स्त्रियांत दुहेरी गर्भाशय, असा एक वंशागत प्रकार आहे. त्याचे जनुक १९९७ साली सापडले. तो आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि बापाच्या आखूड अंगठ्याकडे कुणी कधी लक्ष दिलेले नसते. तेव्हा ‘आमच्या घराण्यात कधी झाले नाही’ या आजीबाईंच्या वाक्यास पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. त्यांच्या घराण्यातील पुरुषांची परीक्षा कुणी केली आहे?

परंतु आजीबाईंवरचा आरोप सुनेवरून उचलून मुलावर ठेवावा असाही आमचा हेतू नाही, कारण पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. वर सांगितलेले सारे जनुकीय दोष एकत्र केले तरी अशा मुलींपैकी थोडक्याच मुलींचे कारण उलगडते. बहुतेकींच्या रक्तात, आज हाती असलेल्या साधनांनी, काहीच सापडत नाही. एकाच बीजातून झालेल्या जुळ्या बहिणींत एकीस गर्भाशय आहे व दुसरीस नाही, अशी उदाहरणे नोंदलेली आहेत. दोघींची जनुके एक असता असे होते, याचा अर्थ केवळ आईबापांकडून आलेले जनुक सर्व काही ठरवीत नाही.

याहूनही बोलका पुरावा १९९७ साली अमेरिकेतून आला. ज्यांना गर्भाशय नाही त्यांची वंशावळ पाहावयाची कशी ही संशोधकांची जुनी अडचण होती, कारण अशा स्त्रियांस अपत्येच नसत. पुढे काहींनी स्वतःच्या बीजापासून दुसऱ्या स्त्रीच्या उदरी मुले वाढविली. या मार्गास ख्रिस्तसभेची संमती नाही आणि ती का नाही हे या स्तंभातून पूर्वी येऊन गेले आहे. पण जन्मलेल्या मुलांविषयीची नोंद ती नोंदच. अशी चौतीस मुले पाहण्यात आली. त्यांतील निम्म्या मुली. त्यांच्यापैकी एकीतही आईचा दोष उतरला नव्हता.

यावर शास्त्रज्ञांचे आजचे मत असे की कारण एक नाही. काही घरांत एक जनुक पुरेसे असते, काहींत अनेक लहान गोष्टी एकत्र येतात, काहींत गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत एखाद्या पेशीत नव्याने चूक होते आणि ती आईतही नसते, बापातही नसते. बाहेरची कारणेही असू शकतात. त्याचे एक दुःखद उदाहरण प्रसिद्ध आहे. डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम अंतःस्रावाचे औषध गर्भ टिकावा म्हणून अनेक वर्षे गरोदर स्त्रियांस देण्यात आले. १९७१ साली अमेरिकेत त्याचे घोर परिणाम उघडकीस आले. त्या स्त्रियांच्या मुलींपैकी अनेकींचे गर्भाशय वेड्यावाकड्या आकाराचे निघाले. तेथे दोष ना माहेरचा ना सासरचा, औषधाचा होता. याचा अर्थ आपल्या भाचीच्या आईने गरोदरपणी घेतलेल्या प्रत्येक गोळीचा आता पंचनामा करावा असा नव्हे. ते औषध निराळे होते आणि त्याने होणारा बिघाडही निराळा. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, ही समजूत आमच्या ख्रिस्ती घरांतही अजून ऐकू येते. तिचा तर विचारही करावयास नको.

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय घरात मोठ्याने वाचावा व आजीबाईंनाही ऐकवावा. त्या भाविक आहेत असे पत्रावरून दिसते.

मग जनुकांची तपासणी करून घ्यावी काय? मुलीस मूत्रपिंडाचा, मणक्याचा वा साखरेचा काही दोष असेल, किंवा दोहोंपैकी कोणत्याही घराण्यात एकच मूत्रपिंड असलेली, तरुणपणी मधुमेह झालेली, पाळी न आलेली व्यक्ती असेल, तर ती उपयोगी पडू शकते, कारण तिच्यामुळे इतर भावंडांची काळजी घेता येते. तसे काही नसता तपासणी कोरी येण्याचा संभव अधिक, आणि कोरा कागद म्हणजे ‘काही नाही’ असे नव्हे, ‘अजून कळले नाही’ एवढेच. खर्च बराच असतो. जाहिरात पाहून परस्पर रक्त पाठवू नये. आधी जनुकशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांशी बसून बोलावे. ग्वाल्हेरीस १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून लखनौच्या संजय गांधी संस्थेच्या किंवा दिल्लीच्या एम्सच्या जनुकविभागाकडे चिठ्ठी मागता येते. तपासणी कधी केली तर कागद जपून ठेवावेत. भारतीय घराण्यांच्या दहा हजार जनुक-पोथ्या वाचण्याचे सरकारी काम नुकतेच पुरे झाले आहे आणि त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली झाली. आजवर तुलनेसाठी बहुतांश परदेशी माणसांचीच पोथी हाताशी असे. आज जो फरक निरर्थक वाटतो, त्याचा अर्थ दहा वर्षांनी लागू शकतो.

उपायाविषयी थोडक्यात. योनिमार्ग अपुरा असल्यास तो बहुतेकींत शस्त्रक्रियेवाचून, डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली साध्या साधनाच्या नियमित वापराने पुरेसा होतो. थोड्या जणींस शस्त्रक्रिया लागते. दोन्हींस मुलीची स्वतःची तयारी हवी. लग्न ठरले म्हणून घाईने आणि दटावून करावयाचे हे काम नव्हे. गर्भाशयाच्या रोपणाचे पुष्कळांनी वाचले असेल. स्वीडनमध्ये गोटेनबर्ग येथे २०१४ साली रोपण केलेल्या गर्भाशयातून पहिले मूल जन्मले, आणि त्याची आई याच अवस्थेची होती. आपल्याकडे पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ मे २०१७ रोजी सोलापूरकडील एका मुलीस तिच्याच आईचे गर्भाशय बसविले. या मुलीस जन्मतः गर्भाशय नव्हते. त्याच रुग्णालयात ऑक्टोबर २०१८ मध्ये रोपणानंतरचे भारतातील पहिले मूल जन्मले, ते मात्र दुसऱ्या एका स्त्रीचे. आईने लेकीस दुसऱ्यांदा कूस द्यावी, ही गोष्ट मनास हलविणारी आहे. परंतु शस्त्रक्रिया मोठी, औषधे जड, खर्च फार, आणि मूल होण्यासाठी जो कृत्रिम मार्ग घ्यावा लागतो तो ख्रिस्तसभा मान्य करीत नाही. वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहून अठरा वर्षांच्या मुलीपुढे ही आशा नाचवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता स्थळाविषयी. वंध्यत्व हा ख्रिस्ती विवाहास अडथळा नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १०८४ मध्ये हे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे गर्भाशय नाही म्हणून या मुलीस विवाह-संस्कार नाकारता येणार नाही. शारीरिक संबंधाची कायमची असमर्थता ही निराळी गोष्ट, पण उपायाने बरी होणारी अडचण कायमची ठरत नाही. कुणी धर्मग्रामात याविषयी उलटसुलट बोलले तर आपल्या फादरांकडे सरळ जावे. परंतु त्याच कलमात पुढे १०९८ व्या कलमाचा हवाला आहे : संसार गंभीरपणे बिघडविणारी गोष्ट मुद्दाम लपवून संमती मिळविली तर तो विवाहच ठरत नाही. भगिनींनी विचारले, ‘लग्न झाल्यावर हळूहळू सांगितले तर?’ नाही. ते वराशी फसवणूक करणे होईल, आणि मुलीला तर जन्मभर भीतीच्या छायेत ठेवणे होईल. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यापासून सासूबाई विचारू लागतील, तेव्हा ती काय सांगणार?

सांगावयाचे ते साखरपुड्याच्या आधी, सांगावयाचे ते मुलाला, आणि सांगावयाचे ते मुलीच्या संमतीने. आत्याने, मावशीने, मध्यस्थाने नव्हे. सबंध गावाला सांगण्याचे तर कारणच नाही. डॉक्टरांचा कागद दाखवावा, शक्य तर दोघांना एकत्र डॉक्टरीणबाईंकडे न्यावे. तो मुलगा नाही म्हणाला तर वाईट वाटेल, पण फसवणूक उघडकीस येऊन जे वाटेल त्याच्या शतांशही नव्हे. हो म्हणणारेही असतात. आणि तिला लग्न करावयाचे आहे की पुढे शिकावयाचे आहे, हे तिला कुणी विचारले आहे काय? चार पानांत त्याचा उल्लेख आम्हांस दिसला नाही.

दत्तकाविषयी एक जुना गैरसमज अजून टिकून आहे की ख्रिस्ती दांपत्यास कायद्याने दत्तक घेता येत नाही. पूर्वी ते खरे होते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता, आणि आपल्या लोकांस १८९० च्या कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे, मूल पूर्णपणे आपले होत नसे. बालन्याय कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीपासून आणि पुढे २०१५ च्या नव्या कायद्याने धर्म कोणताही असो, पूर्ण दत्तक घेता येते. अर्ज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे करावयाचा असतो. विवाहित जोडप्याने किमान दोन वर्षे संसार केलेला असावा लागतो. रुग्णालयातून वा ओळखीने परस्पर मूल आणणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

राहिली धाकटी बहीण. बहुतेक घरांत अशी मुलगी एकटीच असते, तेव्हा तिच्याविषयी धास्ती घेण्याचे कारण नाही. आत्ताच तिची सोनोग्राफी करून गर्भाशय शोधू नये. वयात येण्याआधी ते इतके लहान असते की आहे ते दिसत नाही आणि घरात उगाच आकांत होतो. मूत्रपिंडे मात्र या वयातही नीट दिसतात, ती एकदा पाहून घ्यावीत. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरू झाली नाही, किंवा पंधरावे पुरे होऊनही पाळी आली नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. आणि पाळी आलेली नसता दर महिन्याला ठराविक दिवशी ओटीपोटात कळा येऊ लागल्या, तर पंधरावे लागण्याचीही वाट पाहू नये. पुष्कळदा तेथे गर्भाशय असते, पण खालचे दार बंद असल्याने रक्त आत साठत असते. पातळ पडद्याने ते बंद झाले असेल तर लहानशी शस्त्रक्रिया पुरते आणि मुलगी थोड्याच दिवसांत शाळेत जाऊ लागते.